मनुबाईचा अंदाज

त्या मंगळवारी मनुबाई पहाटेच्या लाल गाडीनं निपाणीहून निघाली आणि नऊच्या सुमारास बेळगावच्या वडगावात लेकीच्या दारात येऊन उभी राहिली. आत दोन्ही माग चालू होते. माग चालू असले की त्या घरात दारावरची थाप कुणाला ऐकू जात नसे, हे लेकीच्या लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला पाठ झालं होतं. तिनं पिशवी उंबऱ्याशी टेकवली आणि पदरानं तोंड पुसत वाट बघत राहिली. कधीतरी सूत तुटेल, जावई माग थांबवेल, तेव्हा हाक मारू. तिला घाई कसली ती नव्हती. चौतीस वर्षं बाळंतिणींच्या उशाशी बसून काढलेली सुईण ती. वाट बघणं हीच निम्मी विद्या.

सूत तुटलं. तिनं हाक मारली, "जया."

जया बाहेर आली. पाचवा महिना सरत आला होता. ती शाळेत शिकवायची, आज तिनं रजा घेतली होती; दोघी मुली शाळेत गेल्या होत्या. आईच्या लुगड्याला तंबाखूचा वास येत होता. निपाणीच्या प्रत्येक माणसाला तो येतो, जयाच्या शाळेतल्या पुस्तकांनासुद्धा यायचा. पण आज टिळकवाडीतल्या दवाखान्यात जायचं होतं, तर आईनं धुतलेलं लुगडं नेसायला हवं होतं, एवढंच जयाच्या मनात आलं. पुढं कित्येक दिवस तिला हे आठवत राहिलं, की त्या सकाळी आईला बघून आपल्या मनात आधी लुगडं आलं.

"या ईनबाई," जयाच्या सासूबाई, यशोदाबाई आतून म्हणाल्या. "वेळेवर गाडी मिळाली म्हणायची."

"गाडी मिळाली की. पण संकेश्वरात डायवर च्या प्यायला उतरला, त्यो तिथलाच जावई झाला. अर्धा तास बसलो आम्ही."

"लेकीला जरा समजावून सांगा. दवाखाना म्हटल्यापास्नं तोंड एवढंसं करून बसलीया."

मनुबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि पिशवीतली तेलाची बाटली काढली.

समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. यशोदाबाईंनी गेल्या महिन्यात, भाकरी थापता थापता, आवाज न चढवता सांगून टाकलं होतं, "दोन पोरी हायत. लक्ष्म्या हायत, मी न्हाय म्हणत न्हाय. पण तिसरी नको. यंत्रावर बघू. पोरगा असला तर चांगलंच झालं. न्हायतर मोकळी करून आणू, लई दिवस व्हायच्या आत." ज्योतिबा तिथंच बसला होता. त्यानं आईकडं बघितलं नाही, बायकोकडंही नाही. उठून मागावर गेला.

महाराष्ट्रात आदल्याच वर्षी असल्या तपासणीविरुद्ध कायदा झाला होता. जयानं तो वर्तमानपत्रात दोनदा वाचला. पण तो कायदा सीमेवर कोगनोळीच्या नाक्याशी थांबायचा. नाक्याच्या अलीकडं कर्नाटक; निपाणी, बेळगाव. अलीकडं काय करायचं ते घरोघरच्या सासवांनी ठरवायचं.

"आई, आता यंत्रावरच जायचंय. कशाला चोळतेस?"

"यंत्र तुझ्या सासूसाठी. हे माझ्यासाठी. पड."

मनुबाईनं तळहात चुलीवर धरले, एकमेकांवर घासले आणि लेकीच्या पोटावर ठेवले. डोळे मिटले. तिचे हात रुंद होते, तंबाखूच्या वखारीत पानं निवडून बोटांची टोकं काळी झालेली. पण पोटावर आले की ते हात वेगळे व्हायचे. जयानं लहानपणापासून ते बघितलं होतं. आई एखाद्या घरात जायची, हात धुवायची, तेल लावायची, डोळे मिटून एवढा वेळ थांबायची की पोरासोरांना वाटायचं तिला झोप लागली. मग उठून थेट चुलीशी जायची, सासू जिथं बसलेली असेल तिथं, आणि सांगायची, "पोरगा हाय."

सगळ्यांना पोरगाच.

चौदा वर्षांची असताना जयानं वहीत मांडून मोजून बघितलं होतं. एका वर्षात आईनं सतरा घरी मुलगा सांगितला, सात घरी झाला. बाकीच्या दहा घरांतून आई शिव्या ऐकून परतली. कुठं ठरलेला चोळीचा खण मिळाला नाही, कुठं चहासुद्धा विचारला नाही. "चुकला माझा हात," एवढंच ती म्हणायची. बाळंतपण तिच्या हातनं कधी नासलं नाही म्हणून बोलावणं यायचं. पण अंदाजाला कोण मानत नव्हतं. मुलं तिला हसायची. अभ्यासात हुशार असलेल्या जयाला त्या हसण्याची लाज वाटायची. तिच्या स्वतःच्या दोन्ही बाळंतपणांत आईनं यशोदाबाईंना तसंच सांगितलं आणि दुसरी मुलगी झाल्यावर, ओल्या बाळंतिणीच्या संतापात, जया भर घरात बोलून गेली होती, "तुला काही कळत नाही तर सांगत जाऊ नको ना आई. लोकांना कशाला फसवतेस?"

मनुबाई तेव्हाही म्हणाली होती, "चुकला गं हात."

आज तिनं डोळे उघडले, तेल पुसलं आणि चुलीशी गेली नाही. "चल, उशीर होतोय," म्हणाली.

*

दवाखान्यातल्या त्या खोलीत एकाच माणसाला सोबत घेऊन जाता येत होतं. यशोदाबाई उठू लागल्या, तेवढ्यात मनुबाई म्हणाली, "ईनबाई, मी जाऊ? जन्मभर हेच काम केलं. एकदा बघतो तरी आत काय असतंय."

तिनं इतक्या साध्या आवाजात मागितलं की यशोदाबाई परत बाकावर बसल्या. जवळ बसलेला ज्योतिबा आपल्या हातांकडं बघत होता.

मनुबाईनं दाराशी चपला काढल्या. नर्स म्हणाली चपला चालतात, तरी काढल्या. मग हात कुठं धुवायचे ते विचारलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, धारवाडकडच्या असाव्यात, मराठी कानडीच्या चालीवर बोलत. त्यांनी जयाच्या पोटावर काहीतरी थंडगार लावलं आणि त्यावर यंत्राची डबी टेकवली. खोलीतला दिवा विझवला. मग त्या लहानशा पडद्यावर राखेसारखं काहीतरी हलायला लागलं.

आधी जयाला काहीच समजेना. पाऊस पडताना दूरदर्शन बघावं तशी मुंग्यामुंग्यांची गर्दी. ती छताकडं बघत राहिली. तिला बघायचंच नव्हतं.

"हे डोकं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही पाठ. मणके दिसतात बघा, मणीमाळेसारखे."

मनुबाई पुढं झाली. पडद्यापासून वीतभर अंतरावर तिचा चेहरा आला. राखाडी उजेडात तिच्या गालावरचं गोंदण दिसत होतं.

"आणि हे टिपटिप करतंय ते?"

"हार्ट. काळीज."

"एवढं?" मनुबाईनं करंगळीचं नख दाखवलं. "आत्तापास्नं?"

"तीन-साडेतीन महिन्यांपूर्वीपासून."

मनुबाई गप्प झाली. जयानं मान वळवली ती त्या गप्प होण्यामुळं. आईला तिनं वखारीच्या संपात ओरडताना बघितलं होतं, भावकीशी भांडताना बघितलं होतं, धाकट्या भावाच्या, रवळूच्या लग्नात नाचतानासुद्धा. अशी कधी बघितली नव्हती. तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि दोन्ही हात छातीशी एकमेकांत धरलेले होते, लहान मुलगी काहीतरी पडेल म्हणून धरते तसे.

"बाई, मी हात ठेवू? हितं, तुमच्या त्या डबीच्या शेजारी?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "ठेवा आजी."

मनुबाईनं जयाच्या बेंबीच्या डाव्या अंगाला हात ठेवला आणि बोटांनी हलकं दाबलं. पडद्यावर एक पाय उचलला गेला. इवलासा, स्वच्छ, पाची बोटांसकट. तो तिच्या हाताच्या दिशेनं ताणला आणि परत दुमडला.

"हाय," मनुबाई पुटपुटली. "मी म्हणत होतो तिथंच हाय पाय."

जयाला आता दिसू लागलं. एकदा पाय दिसल्यावर सगळंच दिसू लागलं, अंधाराला सरावल्यावर घरातली भांडी दिसतात तसं. गुडघा. कपाळाची गोलाई. तोंडापाशी नेलेली मूठ. कुणाला न विचारता, कुणाची वाट न बघता आत एक अख्खं माणूस आपलं आपण काम करत होतं. बाहेर त्याच्याविषयी काय ठरत होतं याची त्याला वार्ता नव्हती.  जयाला वाटलं ती भीती नव्हती. देवळात गाभाऱ्याशी वाकल्यावर थंड हवा तोंडावर यावी तसं काहीतरी.

"सांगू ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दिवसातून दहा वेळा विचारायचा प्रश्न, तसा त्यांचा आवाज झाला. "फीमेल आहे. मुलगी."

"व्हय," मनुबाई म्हणाली. "ते ठाऊक हाय. बाई, जरा तिचं तोंड परत दावा की."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"सकाळी बघितलं. हातानं."

"कसं कळतं?"

"ते न्हाय सांगाय येत. चौतीस वर्षं मी डोळे मिटून बघितलं, बाई. डोळे उघडून आज पहिल्यांदा बघालोय. असंच असतंय. मला वाटलंतं तसंच असतंय." तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच पुन्हा पडद्याकडं बघितलं, जणू तेवढ्या वेळात काही निसटेल.

जया पडल्या जागी तिच्याकडं बघत राहिली. सतरा घरं, सात मुलगे. तिच्या डोक्यात तो जुना हिशेब उलटा फिरू लागला होता, पण अजून त्याचं उत्तर तिच्या हाती येत नव्हतं.

दार उघडून त्या बाहेर आल्या. यशोदाबाई उठून उभ्या होत्या.

"पोरगा हाय, ईनबाई," मनुबाई म्हणाली. "यंत्रावर दिसला. पाय लई जोरात हाणतोय."

यशोदाबाईंनी डोळे मिटून भिंतीला हात टेकला. उघडले तेव्हा त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता. ज्योतिबा जयाकडं बघून हसला, आणि जया बाकावर बसली.

खडेबाजारात यशोदाबाईंनी मिठाईच्या दुकानातून कुंदा घेतला. निम्मा ईनबाईंच्या पिशवीत घातला, जयाच्या वडिलांसाठी, मारुतीरावांसाठी. स्टँडवर निपाणीची गाडी लागलेली होती. खिडकीतून मनुबाईनं हात बाहेर काढून लेकीच्या केसांवरून फिरवला.

"दूध घे. देत्यात तवर घे. तूप बी घे. ऐकलंस?"

"आई," जया म्हणाली. तिला विचारायचं होतं. तुला दरवेळी कळत होतं? त्या दहा घरीसुद्धा? माझ्या वेळीसुद्धा? पण शेजारी यशोदाबाई उभ्या होत्या.

"बोल की."

"पुढच्या आठवड्यात येते मी."

"ये. सावकाश ये." गाडी सुरू झाली.

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शाळेच्या ऑफिसात रवळूचा फोन आला. सकाळी चहा उतरवताना आई बसली ती बसलीच. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

जया तशीच घरी आली, मुलींना शेजारी सोडायचं, बाराची गाडी पकडायची असं बोलत. यशोदाबाईंनी माग बंद करायला लावले. तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं, तिच्याबरोबर रडल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "तुला जाता यायचं न्हाय, जया."

"आत्या, आई आहे माझी."

"व्हय. पण पोटुशी बाईनं मड्याचं तोंड बघायचं न्हाय. आणि पोटात पोरगा हाय. तुझी आईच सांगून गेली की. मी आणि ज्योतिबा जातो. तू बाराव्याला ये."

जयाच्या ओठांवर शब्द आला होता. एक शब्द बोलला असता तर दार उघडलं असतं, तिला आईचं तोंड बघायला मिळालं असतं. आणि तो शब्द बोलला असता तर आईनं काल ज्यासाठी तोंड उघडलं ते मातीत गेलं असतं. ती उंबऱ्यावर बसून राहिली. आई शेवटचं जे खोटं बोलली होती, त्याच खोट्यानं आईचं शेवटचं दर्शन अडवलं होतं.

मग रोज सकाळी दुधाचा पेला आला. दुपारी तुपाचा भात. यशोदाबाई स्वतः पुढ्यात बसायच्या. जया घ्यायची. देत्यात तवर घे.

*

बाराव्याला निपाणीच्या घरात सोप्यात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. जेवणं उरकली होती. पुरुष बाहेर मांडवात होते, मारुतीराव तेवढे आत, भिंतीला टेकून, गुडघ्यांभोवती हात घालून. आयुष्यभर तंबाखूची गाडी हाकलेला माणूस. बैलांशी बोलायचा तेवढं माणसांशी बोलला नव्हता. बारा दिवसांत तर अजिबातच नाही. जया त्यांच्या जवळ बसली होती. यशोदाबाई विड्याचं पान जुळवत होत्या, रवळू पाहुण्यांना पाणी देत होता, ज्योतिबा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

बोलणं मनुबाईचंच चाललं होतं. बाळाबाई, तीस वर्षांपासूनची शेजारीण, बाळंतपणात कापडं-पाणी द्यायला कायम मनुबाईबरोबर जाणारी, रडून रडून आता हसायच्या टप्प्याला आली होती.

"माझ्या शेवंताच्या टायमाला आठवतंय? सासूला म्हणाली, पोरगा हाय. माझी सासू, तोंडातला घास न देणारी बाई, रोज खारीक आणायला लागली. आणि झाली काय, तर ही घोडी."

शेजारी बसलेली शेवंता, आता स्वतः दोन लेकरांची आई, हसली.

"मला बी पोरगाच," पलीकडून गंगव्वा म्हणाली. "मोठा हाय म्हणाली, दुप्पट खायला घाला. आणि निघाल्या दोन. दोन्ही पोरी. माझा मालक महिनाभर तिला शिव्या देत होता."

"मला बी."

"माझ्या सुनंला बी."

"मनुआक्काला एकच शबूद येत होता म्हणायचा," बाळाबाई डोळे पुसत म्हणाली. "काय बी असू दे पोटात. पोरगा."

सगळ्या हसल्या. हसणं विरता विरता जयाच्या लक्षात आलं की यशोदाबाईंच्या हातातलं पान तसंच राहिलंय.

"सगळ्यांना पोरगाच सांगायच्या?" त्यांनी विचारलं.

बाळाबाईला आपलं चुकलं ते कळलं, पण उशीर झाला होता. "तसं न्हाय हो... म्हंजे बऱ्याच जणींना..."

"माझ्या सुनंच्या दोन्ही टायमाला बी पोरगा म्हणाल्या. मी म्हटलं चुकतंय माणूस." यशोदाबाई जयाकडं वळल्या. "आत तुम्ही दोघीच होता."

"आत्या, यंत्रावर बघितलंय की," रवळू पाण्याचा तांब्या घेऊन मध्येच आला. "आज कशाला हे? आईचं बारावं हाय." त्याचा आवाज घाबरलेला होता. बहीण मुलींना घेऊन कायमची दारात येऊन उभी राहील, ही भीती त्याला आजची नव्हती. "आक्का, सांग की डॉक्टर काय म्हणाली ते. विषय संपला."

"कागद आहे," ज्योतिबा म्हणाला, "पण त्यात नुसते आठवडे लिहिलेत."

"मग परत जाऊ. उद्या. मी आत येतो ह्या टायमाला," यशोदाबाई म्हणाल्या.

  तेव्हा भिंतीकडून मारुतीराव बोलले, आणि त्यांचा आवाज ऐकून बायकांनी पदर सावरले.

"तिला कळत होतं."

"काय म्हणाला आप्पा?" रवळूनं विचारलं.

"तुझ्या आईला. सगळं कळत होतं. बाहेर एक सांगायची. घरात येऊन भाकरी खाताना मला खरं सांगायची. कुणाला तरी खरं सांगायला लागतंय की माणसाला." ते जमिनीकडं बघत बोलत होते, एखाद्या लांबच्या वाटेवरची गावं एकेक करून आठवावीत तसे. "बाळाबाई, तुझ्या घरनं आली त्या दिवशी पिठलं होतं. म्हणाली, पोरगी हाय, पायाळू यायची, आत्तापास्नं चोळायला पायजे. चोळलं का न्हाय?"

बाळाबाईनं मान हलवली. 

"गंगव्वाच्या वेळी म्हणाली, दोन काळजं लागत्यात हाताला. दोन्ही पोरी. तिच्या अंगात रक्त न्हाय, दोघींना पुरायचं न्हाय. म्हणून सांगून आलो म्हणाली, मोठा पोरगा हाय, दुप्पट घाला."

गंगव्वानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. तीस वर्षांपूर्वीचं तूप, तीस वर्षांपूर्वीचा तो महिनाभर शिव्यांचा. तिच्या एका बाजूला एक लेक बसली होती, दुसऱ्या बाजूला दुसरी. दोघी एकमेकींसारख्या.

मारुतीराव सांगत गेले. कुणाचं घर, त्या दिवशी ताटात काय होतं, मनुबाई काय म्हणाली. लिहिता न येणाऱ्या माणसानं सगळं ठेवलं होतं. जिचं नाव यायचं ती बाई हळूच मान हलवायची. जया त्या बायकांकडं बघत होती. त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलींकडं. शेवंता. गंगव्वाच्या जुळ्या. दाराशी उभी राहिलेली नर्सच्या कपड्यातली एक. चुलीकडून डोकावणाऱ्या दोघी. ही सगळी ती दहा-दहा घरं. तिनं वहीत चूक म्हणून मांडलेली. सगळ्या धडधाकट, दूध पिऊन आलेल्या. आई प्रत्येक घरात एकदा खोटं बोलायची आणि मग शिव्या खायला पुन्हा त्याच घरी जायची, हे तिला कळलं, आणि इतकं मोठं काही आपल्या घरात, आपल्या चुलीपुढं रोज चाललेलं होतं याचा तिला थांग लागेना.

"कधीच चुकली न्हाय?" कुणीतरी विचारलं.

"एकदा." मारुतीरावांनी मान वर केली. "रवळूच्या टायमाला. पोरगी हाय म्हणाली मला. स्वतःच्या पोटावर हात नीट पोचत न्हाय म्हणायची."

रवळू तांब्या घेऊन तसाच उभा राहिला. बायकांत हसू फुटलं, ओलं, दबकं. यशोदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पान ताटात ठेवलं.

"ज्योतिबाच्या आधी मला चार पोरी," त्या म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या ते कळत नव्हतं. "चौथी झाली तवा सासूनं तीन दिवस भाकरी दिली न्हाय. दूध आटलं. ती पोर राहिली न्हाय." त्या पुढं म्हणाल्या, "आमच्या वडगावात असलं खोटं सांगणारी कुणी गावली न्हाय मला."

 मग त्यांनी मान उचलली. डोळे भरलेले होते, पण आवाज पुन्हा सरळ झाला होता, ज्या माणसाला शेवटी घर चालवायचं असतं त्याचा.

"मारुतीराव, तुम्ही म्हणाल ते मी मानतो. परत यंत्रावर न्हाय जायचं. त्या मंगळवारी ईनबाई बेळगावास्नं आल्या. तुमच्यापुढं जेवायला बसल्या असतील. काय म्हणाल्या?"

मारुतीरावांनी जयाकडं बघितलं.

जयाला कळलं की त्यांना ठाऊक आहे. कुंदा खाता खाता आईनं त्यांना सगळं सांगितलं असेल, पाय कसा उचलला, काळीज नखाएवढं कसं टिपटिप करत होतं. आणि आता तिला हेही दिसलं, की जन्मात खोटं न बोललेले आप्पा तोंड उघडताहेत आणि तो एक शब्द बोलणार आहेत. बायकोचा शब्द. तो बोलला की आणखी चार महिने दूध येईल, तूप येईल. मग एक दिवस बाळ होईल, आणि शिव्या ऐकायला त्या घरी परत जाणारी बाई आता नव्हती. हा एकटा म्हातारा जाईल. माझा अंदाज चुकला म्हणेल.

"आप्पा, थांबा," जया म्हणाली.

ती उठली. उठताना गंगव्वाच्या एका मुलीनं तिला हात दिला. सगळ्या जणी बघत होत्या. ज्योतिबानं चौकटीवरचा हात काढला होता. गेल्या आठ वर्षांत तीन वेळा तिच्या पोटाविषयी घरात बोलणं झालं होतं; काय खायचं, कुठं जायचं, काय झालं तर काय करायचं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मुलांना दिवसभर शाळेत ती उत्तरं द्यायला शिकवायची, पण न विचारताही काही सांगायचं असतं हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"पोरगी हाय," ती म्हणाली. "यंत्रात मी बघितलीय. आईनं त्याच्या आधी बघितली. तिनं खोटं सांगितलं ते माझ्यासाठी, आणि मी बारा दिवस गप्प बसून दूध प्याले. आता आप्पांनी खोटं बोलायला नको."

"जया," रवळू म्हणाला.

"थांब रं." ती यशोदाबाईंकडं वळली. तिचा आवाज वर्गातला नव्हता. तो तिनं स्वतःही आधी ऐकलेला नव्हता. "आत्या, मी कुठं मोकळी व्हायला येणार न्हाय. कुणी मला विचारलं न्हाय, म्हणून मी कधी बोलले न्हाय. मला ती पायजे."